ऑफिससाठी सहा कॉम्प्युटर: पानभर जाहिरात की सीएंचा शब्द?

हिशेब_म्हापसा: म्हापशात हिशेब आणि जीएसटीचं ऑफिस आहे. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर, एवढंच चालतं. सहा मशीन हवीत. चवथीच्या जाहिरातींत बॅग-माउस फुकट देणारे लॅपटॉप दिसतात. ओळखीचे दोन सीए म्हणतात, ‘रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून परत विकलेला) लेनोव्हो थिंकपॅड टी४८० लॅपटॉप घ्या, डोळे झाकून.’ कोणाचं ऐकावं?

वेर्णे_सिस्टीम: सीएंचं ऐका, पण डोळे उघडे ठेवून. तिसऱ्या वर्षी बिजागरी आणि चार्जिंग पोर्टचं काय होतं ते वापरणाराच सांगू शकतो. मात्र लोक एका मॉडेलची कीर्ती सगळ्या मालिकेला चिकटवतात. टी४८० (२०१८) मध्ये रॅमचे दोन स्लॉट आणि बाहेरून काढता येणारी बॅटरी होती. पुढच्याच टी४९० मध्ये थोडी रॅम बोर्डावर सोल्डर झाली, म्हणजे ती काढून बदलता येत नाही, आणि बॅटरी आत गेली. शिवाय टी४८० सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही विकला गेला. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आठव्या पिढीचा आय५-८२५०यू चालेल, सातव्या पिढीचा आय५-७२००यू नको.

फोंडा_हार्डवेअर: जाहिरातीतली बारीक अक्षरं वाचा. वॉरंटी ‘विंडोज होम, १ वर्ष कॅरी-इन’ अशी असेल तर बिघडलेलं मशीन तुम्हीच सर्व्हिस सेंटरला न्यायचं, तेही रिटर्न भरायच्या आठवड्यात. डेल लॅटिट्यूड (२०२५ पासून नाव डेल प्रो), एचपी प्रोबुक, लेनोव्हो थिंकपॅड या ऑफिसच्या मशीनना ३ वर्षं ऑनसाइट वॉरंटी घेता येते, म्हणजे दुरुस्तीला माणूस तुमच्याकडे येतो; ती तुमच्या पिनकोडला लागू आहे, हे कोटेशनवर लिहून घ्या. बॅटरीची वॉरंटी सहसा वर्षाचीच.

आणि बसून काम असेल तर लॅपटॉप कशाला? डेस्कटॉप घ्या: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), प्रत्येकी ६०० व्हीए यूपीएस. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडेल. पावसाळ्यात दमट हवेने रॅमचे कॉन्टॅक्ट काळवंडतात, मशीन नुसतं बीप देतं. वायर काढा, रॅम उपसा, कॉन्टॅक्ट खोडरबराने हलके पुसा, परत बसवा.

मडगाव_लेजर: हिशेबनिसांच्या शब्दाला या धंद्यात जुना मान आहे. १९७९ मध्ये ॲपल टू वर व्हिसिकॅल्क आलं आणि त्या एका स्प्रेडशीटसाठी लोक मशीन घेऊ लागले. १९८४ ची ॲपल मॅकिंटॉशची, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातली जाहिरात गाजली, तरी ऑफिसं मोठ्या प्रमाणात आयबीएम पीसीवर राहिली. लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट तिथे होतं. अर्थात आयबीएमनेही चार्ली चॅप्लिनचं भटक्याचं पात्र (ट्रॅम्प) घेऊन दणकून जाहिरात केलीच होती.

हिशेब_म्हापसा: मग सीएंना नेमकं विचारू काय?

वेर्णे_सिस्टीम: मशीनच्या तळाचा पूर्ण मॉडेल नंबर. तशी किती मशीन आहेत, किती वर्षं. शेवटचा पार्ट किती दिवसांत आला, आणि बसवायला कंपनीचा माणूस आला की दुकानदाराचा. एकच मशीन वापरणाऱ्याचं कौतुक बाजूला ठेवा. दहा वापरणाऱ्याची तक्रार आधी ऐका. मग त्याच मॉडेलचं एकच मशीन घ्या, महिनाभर टॅलीवर चालवा, तुमचा प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन लावून बघा. उरलेली पाच नंतर.