अनुभव धागा: साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

ठाण्याच्या कोर्ट नाक्याचं किंवा नवी मुंबईच्या सीबीडी बेलापूरचं, म्हणजे तिथल्या कोर्टाचं समन्स हातात पडलं की जो तो वेगळाच सल्ला देतो. रोज कोर्टात असणाऱ्यांनी नेमकं काय ते लिहा. किस्से नकोत.

काळा कोट
पिंजरा बहुधा न्यायाधीशांच्या मंचाच्या बाजूला, पायरीभर उंच. आरोपीचा वेगळा, मागे. प्रश्न वकील विचारतो म्हणून माणूस त्याच्याकडे वळून बोलतो आणि आवाज मंचापर्यंत पोचतच नाही. प्रश्न कुणाचाही असो, उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्यायचं. एक वाक्य, मग थांबा. टायपिंग चालू असतं. नुसती मान हलवली तर कागदावर शून्य. हात पसरून ‘एवढा चाकू’ दाखवू नका, ‘वीतभर’ म्हणा. आणि गीता सिनेमातच! 1969 च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराची शपथ घ्या किंवा प्रतिज्ञा करा.

निवृत्त शिरस्तेदार
समन्स, ओळखपत्र आणि वाचायचा चष्मा. चष्मा नसला की पंचनाम्यावरची स्वतःची सहीसुद्धा ओळखता येत नाही. पुकारा होईपर्यंत दालनाबाहेर थांबा, आधीच्या साक्षीदाराची साक्ष ऐकायची नसते. फौजदारी खटल्यात भत्ता मागता येतो, बाहेर पडण्याआधी विचारा.

उलटतपास
खरी गोची पोलिसांपुढच्या जबाबाची. त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे आत काय लिहिलंय हे बऱ्याचदा पिंजऱ्यातच कळतं. आज सांगितलेलं त्यात नसेल तर वकील तेवढंच धरतो. तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं, पण त्यांनी का लिहिलं नाही ते ठाऊक नाही, असं असेल तर तेवढंच म्हणा: ‘कारण सांगता येणार नाही.’ पोलिसांची बाजू सावरायला गेलात की नवा प्रश्न तयार. ‘तुम्ही तिथे नव्हता हे खरं नाही का?’ अशा दुहेरी नकाराला नुसतं ‘हो’ नको; ‘मी तिथे होतो’ असं सरळ वाक्य द्या.
मुद्देमाल दाखवला तर आधी लेबलवरची सही बघा, मग वस्तू.

दिवाणीवाला
आमच्याकडे दिवाणी दाव्यात 2002 पासून सरतपास (आपल्याच वकिलाने घेतलेली पहिली साक्ष) शपथपत्रावरच होतो. पिंजऱ्यात गेल्यावर थोड्याच वेळात उलटतपास. शपथपत्र इंग्रजीत असेल तर सहीआधी मराठीत समजावून घ्या. ‘परिच्छेद 7 मध्ये काय आहे?’ इथेच भलेभले गडबडतात.

काळा कोट
एक राहिलं. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटल्यात मुलाला आरोपी दिसू न देण्याची जबाबदारी कोर्टाची. पडदा किंवा व्हिडिओची सोय असते. पालकांनी सरकारी वकिलांना आधीच विचारावं.
शेवटी साक्ष वाचून दाखवतात. चूक दिसली तर सही करण्याआधी बोला.