श्री सखी राज्ञी जयति
'राणी' या शब्दावरच्या चर्चेत कुणीतरी 'राणी म्हणजे राजाची बायको, बाकी काही नाही' असं म्हटलंय, ते मला पटत नाही. संस्कृत 'राज्ञी'वरून 'राणी' आलं, इथपर्यंत ठीक. पण संभाजीराजांनी येसूबाईंना स्वतंत्र शिक्का दिला होता, त्याचा उल्लेख अजून कुणीच केलेला नाही. त्यावरची अक्षरं: 'श्री सखी राज्ञी जयति'. राजे मोहिमेवर असले की रायगडावरचा कारभार येसूबाई बघायच्या आणि हा शिक्का कागदावर उमटला की हुकूम चालायचा. नुसत्या बायकोपणाला एवढं वजन कुठून येणार? आणि 'राज्ञी'च्या आधी 'सखी'! मला तर राजघराण्यातल्या सगळ्या बिरुदांत हेच सर्वांत देखणं वाटतं. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या मोगलांच्या कैदेत गेल्या, १७१९ मध्ये सुटून साताऱ्याला शाहू महाराजांकडे आल्या.

शिवाय आमच्या साताऱ्याच्या गादीकडे बघा. सुमित्राराजे, कल्पनाराजे... नावापुढे 'राणी' नाही, थेट 'राजे'. साताऱ्यात कुणालाही ते पुरुषी वाटत नाही. 'राजमाता' वेगळं, ते आईपणामुळे मिळतं. 'राजे' मात्र बाईच्या स्वतःच्या नावातच आहे.