पक्ष, साध्य, सिद्धता आणि देव

वहीतलं_पान :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. सध्या भूमितीची प्रमेयं चालू आहेत त्यामुळे घरात दिवसभर पक्ष, साध्य, सिद्धता हेच ऐकू येतं. परवा रात्री तिचा पसारा आवरताना वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं:

पक्ष : जग आहे.
साध्य : देव आहे.
सिद्धता :

आणि त्याखाली चार ओळी लिहून खोडलेल्या, इतक्या खोडलेल्या की कागद फाटायला आलेला. विचारलं तर म्हणाली, आई पहिलीच पायरी अडलीय, पायरीसमोर कारण लिहावं लागतं ना, ते काय लिहू? नवरा पक्का नास्तिक, तो म्हणाला लिहिता येत नाही म्हणजे देव नाही, विषय संपला. सासूबाई म्हणाल्या असलं काही वहीत लिहू नये. मी मधल्या मधे. मी रोज न चुकता हात जोडते पण ते का हे मला धड सांगता येत नाही हे त्या रात्री पहिल्यांदाच लक्षात आलं आणि खरं सांगायचं तर जरा ओशाळायला झालं.

तर प्रश्न असा की देव आहे हे सिद्ध करता येतं का, की शेवटी सगळं श्रद्धेवरच आहे? आणि सिद्ध होत नसेल तर "सिद्ध होत नाही" आणि "नाही" हे एकच का? कृपया "अनुभव घ्या म्हणजे कळेल" असे प्रतिसाद नकोत, चौदा वर्षांच्या पोरीला ते सांगून बघितलंय, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

---

शंकेखोर :

तुमच्या मिस्टरांना पाठिंबा, पण अर्धाच. सिद्ध होत नाही म्हणजे नाही, असं होत नाही हे मान्य. पण मग ओझं कुणाच्या डोक्यावर ते बघा. जो "आहे" म्हणतो त्याने दाखवायचं. बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाने १९५२ साली किटलीचं उदाहरण दिलं होतं, की पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधे चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरतेय आणि ती इतकी छोटी आहे की कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही. आता ती नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, मग ती आहे असं धरून चालायचं का?

लेक बरोबर जागी अडली आहे, शाबासकी द्या तिला. बहुतेक लोक तिथे "प्रत्येक गोष्टीला कुणीतरी कर्ता असतो" असं लिहून बिनधास्त पुढे जातात. मग देवाचा कर्ता कोण? त्याला लागत नाही म्हणालात तर स्वतःच लिहिलेली पायरी स्वतःच खोडली. आणि कुणा एकाला सूट द्यायचीच असेल तर ती थेट विश्वालाच का देऊ नये, मधे आणखी एक जण कशाला हवा?

बाकी प्रार्थनेने गुण येतो वगैरे कुणी म्हणायच्या आत सांगून टाकतो. अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवर रीतसर प्रयोग झालाय, निष्कर्ष २००६ मधे आले. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे दोन्ही गटांना माहीत नव्हतं. गुंतागुंत झाली ती ५२ आणि ५१ टक्के लोकांत, म्हणजे फरक शून्य. तिसऱ्या गटाला मात्र सांगून प्रार्थना केली होती, त्यांच्यात ५९ टक्के! "आपल्यासाठी प्रार्थना करायची वेळ आलीय म्हणजे काही खरं नाही" अशी धास्ती घेतली असेल बिचाऱ्यांनी. यातून देव नाही असं निघत नाही हेही कबूल करतो. बटण दाबलं की काम करणारा जो देव लोकांच्या डोक्यात असतो तेवढाच नापास झाला.

---

तर्कटी :

ताई, तुमच्या लेकीने वहीत जे शब्द लिहिलेत ना तेच मुळात या वादातले आहेत. पक्ष, साध्य हे भूमितीत यायच्या कितीतरी आधी न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात होते. डोंगरावर धूर दिसतोय म्हणून डोंगरावर आग आहे, यात डोंगर हा पक्ष, आग हे साध्य आणि धूर हा हेतू. भूमितीत पक्ष म्हणजे दिलेली माहिती, न्यायात पक्ष म्हणजे ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं ते, एवढा फरक झाला. पण खेळ तोच.

आणि याच खेळात उदयनाचार्यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी ईश्वर सिद्ध करायला अख्खा न्यायकुसुमांजली लिहिला. त्यातला पहिलाच मुद्दा कार्य. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, जग हे पण घड्यासारखं कार्य आहे, सबब जगाचाही कुणीतरी कुंभार. त्यांची एक दंतकथा पण सांगतात, की देवळाचं दार बंद मिळालं म्हणून हे चिडले आणि देवालाच सुनावलं की आत्ता तोऱ्यात आहेस, पण ईश्वर न मानणारे बौद्ध वादाला समोर उभे राहिले की तुझं अस्तित्व माझ्याच हातात असतं. खरंखोटं तो देवच जाणे, पण नैयायिकांचा कॉन्फिडन्स बघा!

पण आता यातली माझी सगळ्यात आवडती जागा. हे अनुमान मोडीत काढणाऱ्यांत एक मोठं नाव रामानुजाचार्यांचं आहे, म्हणजे भक्तीमार्गाचा एवढा मोठा आधारस्तंभ. ते म्हणतात राजवाडा बांधायला अनेक कारागीर लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? आणि तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक कुंभाराला शरीर असतं, मग ईश्वरालाही शरीर माना. अनुमानाने ईश्वर गाठता येत नाही, तो शास्त्रावरूनच कळतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे १७७९ मधे छापलेल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाच्या पुस्तकात जवळपास हाच अनेक कारागिरांचा मुद्दा येतो, पण ह्यूम संशयवादी होता आणि रामानुज परमभक्त. एकाच तर्काने दोघं अगदी उलट्या दिशांना गेले. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं तर आणखीनच, वेद प्रमाण पण जगाचा कर्ता अमान्य. आज हे कुणाला सांगितलं तर मलाच पाखंडी म्हणतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सिद्ध होत नाही आणि नाही हे एकच का. सांख्य या दुसऱ्या दर्शनाच्या सांख्यसूत्रात एक शब्दाचं सूत्र आहे, "ईश्वरासिद्धेः". ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. त्यावर १६व्या शतकातला भाष्यकार विज्ञानभिक्षू म्हणतो की बाबांनो नीट वाचा, सूत्रकाराला ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर त्याने "ईश्वराभावात्" असं लिहिलं असतं. असिद्धी वेगळी, अभाव वेगळा. त्याला स्वतःला ईश्वर हवा होता म्हणून त्याने ही पळवाट काढली असंही म्हणतात, असेल, पण व्याकरण त्याच्या बाजूने आहे. मिस्टरांना हे एवढं एक वाचून दाखवा.

---

टिवल्याबावल्या :

धागा शंभरी गाठणार. जागा पकडून ठेवतो.

---

शून्य_एक :

@तर्कटी, जबरी प्रतिसाद. मी गणिताच्या बाजूने भर घालतो.

जगाकडे न बघता नुसत्या व्याख्येतून देव काढायचा पण प्रयत्न झालाय. १०७८ च्या सुमारास अँसेल्म नावाच्या पाद्र्याने मांडलं की ज्याच्याहून थोर कशाची कल्पनाच करता येत नाही तो देव, आता तो नुसता मनात असेल तर प्रत्यक्षात असलेला त्याच्याहून थोर ठरेल, म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. पहिल्यांदा वाचलं की आपल्याला कुणीतरी गंडवलंय असं वाटतं पण नेमकं कुठे ते सापडत नाही. त्याच्याच काळातल्या गॉनिलो नावाच्या दुसऱ्या साधूने लगेच विचारलं की मग याच न्यायाने सर्वात उत्कृष्ट बेट पण कुठेतरी असलंच पाहिजे की! (हा स्वतः श्रद्धाळू होता बरं का, इथे पण रामानुजांसारखंच.) नेमकी गोम कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८१ मधे दाखवली. असणं हा काही गुण नाही. मनातल्या शंभर नाण्यांत आणि खऱ्या शंभर नाण्यांत एका नाण्याचाही फरक नसतो, फरक पडतो तो खिशात.

एवढ्यावर थांबेल तर ते गणिती कसले. कुर्ट ग्योडेल, विसाव्या शतकातला तर्कशास्त्राचा बाप माणूस, त्याने अँसेल्मचाच युक्तिवाद चिन्हांत मांडून ठेवला होता, १९७० मधे लोकांना दाखवला, छापून आला तो १९८७ मधे म्हणजे तो गेल्यानंतर. २०१३ मधे दोघा संशोधकांनी तो चक्क कॉम्प्युटरकडून तपासून घेतला आणि "कॉम्प्युटरने देव सिद्ध केला" अशा हेडलाइन झळकल्या. तो फॉरवर्ड तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. आता मशीनने काय सांगितलं? या या गृहीतकांवरून हा निष्कर्ष निघतो, बस. गृहीतकं खरी का खोटी हे मशीनला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्याला ते सांगता आलं नसतं. वर आणखी गंमत, ग्योडेलच्या मूळ टिपणातली गृहीतकंच एकमेकांशी विसंगत आहेत हे पण त्याच मशीनने शोधलं! जी तपासणीत टिकली ती डेना स्कॉटने थोडी दुरुस्त केलेली आवृत्ती.

मुद्दा काय, तर सिद्धता ही पिठाच्या गिरणीसारखी. वरून घालाल तेच दळून खाली येतं. देव हवा असेल तर तो कुठल्या ना कुठल्या रूपात गृहीतकांत आधीच असावा लागतो.

---

अवकाशवेडा :

तुम्ही सगळे जुन्यातच अडकलात. बिग बँगने सिद्ध झालंय ना की विश्वाला सुरुवात आहे, मग सुरुवात करणारा आलाच की, विज्ञानच सांगतंय.

---

शून्य_एक :

@अवकाशवेडा, ही कल्पना ज्याची, तो जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होता. १९३१ मधे त्याने आदिम अणूची, म्हणजे सगळं विश्व एका अणूतून सुरू झालं अशी कल्पना मांडली. १९५१ मधे पोपनी जाहीर भाषणात तुमच्यासारखंच म्हटलं, की बघा विज्ञानाने निर्मितीची साक्ष दिली. तर लमेत्रला ते अजिबात रुचलं नाही. त्याचं म्हणणं माझा सिद्धांत देवाच्या प्रश्नापासून बाजूला आहे, आस्तिक नास्तिक दोघंही तो वापरू शकतात. पाद्र्यालाच नको होता तो पुरावा तुम्ही कशाला ओढताय?

---

साठीपार_मावशी :

मी शिकलेली कमी आहे, वरचं निम्मंच कळलं, पण लिहावंसं वाटलं.

अकरा वर्षांपूर्वी आमचे हे आयसीयूत होते. नऊ दिवस. बाहेर एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती, तिचा एक पाय आखूड, बसलं की डुगडुगायची. मी नऊ दिवस त्या खुर्चीत देवाचं नाव घेत बसले. हे गेले. नणंद म्हणाली कसला देव नि कसलं काय, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुमच्या त्या अमेरिकेच्या प्रयोगाचा आकडा मला तेव्हा कुणी सांगितला असता तरी मी नावच घेत बसले असते. बरं करशील म्हणून घेत होते का? पहिले दोन दिवस हो. नंतर नाही. नंतर नुसतं त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीत एकटं बसवत नव्हतं म्हणून.

याला पुरावा म्हणू नका, मी पण म्हणत नाही. मनाचा खेळ असेल तर असू दे. पण श्रद्धा म्हणजे पुरावा मिळाला नाही म्हणून काढलेला दुय्यम माल असं जे वर सगळ्यांच्या बोलण्यात आहे ना ते मला पटत नाही. पुरावा शोधायला गेलेच नव्हते मी.

---

शंकेखोर :

मावशी, तुमच्या खुर्चीपुढे माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही.

फक्त एक नोंदवतो, तुमच्याशी भांडायचं म्हणून नाही. तुम्ही म्हणता हा पुरावा नाही, तिथे आपलं जमलं. माझं भांडण आहे ते "मला जाणवलं, म्हणून तूही मान, आणि मी सांगतो तसं वाग" म्हणणाऱ्यांशी. स्वतःपुरतं जाणवणं आणि दुसऱ्यावर हुकूम सोडणं यात जी फट आहे ती बुजवायला पुरावा लागतो, आणि तिथे मी तो मागणार. मावशी, ती फट तुम्ही ओलांडली नाहीत, पण ओलांडणारे ढिगाने आहेत.

---

तर्कटी :

शंकेखोरांशी चक्क सहमत, तारीख लिहून ठेवा कुणीतरी. तरी एक खुसपट. पुरावा मागायचा तर कुठल्या देवाचा ते आधी ठरवा. उदयनांचा कुंभार वेगळा, अँसेल्मची व्याख्या वेगळी, मावशींच्या खुर्चीशेजारी जो कोण होता तो वेगळा. ग्योडेलचं समीकरण उद्या शंभर टक्के बरोबर निघालं तरी त्यातून जे निघेल त्याच्यापुढे मावशी हात जोडतील का? मला नाही वाटत. वादात सिद्ध एक करतात आणि पूजतात दुसऱ्यालाच, मग दोन्हीकडचे लोक तावातावाने भलत्याच गोष्टीवर भांडत बसतात.

---

टिवल्याबावल्या :

माझी जागा फुकट गेली की. इतकं समजूतदार भांडण कुठे असतं का राव.

---

वहीतलं_पान :

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मावशी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, नंतर परत एकदा वाच म्हणाल्या.

असिद्धी आणि अभावाचं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला व्याकरणाने देव वाचवायची वेळ आली म्हणजे अवघडच आहे. पण मग रात्री उशिरा तोच शोधत बसला होता विज्ञानभिक्षू कोण म्हणून.

लेकीला गिरणीचं उदाहरण जाम आवडलं. काल तिने वही आणून दाखवली. साध्याच्या ओळीतलं "देव आहे" खोडून तिने पक्षाच्या ओळीत लिहिलंय, "जग आहे" च्या खाली. म्हटलं वा, आजीला बरं वाटेल. तर म्हणाली, अगं पण मग आता साध्यात काय लिहू? मला उत्तर आलं नाही. ओळ रिकामीच आहे अजून.

शून्य_एक, तुम्हाला काही सुचलं तर कळवा. तिची सोमवारी भूमितीची चाचणी आहे आणि ही बया अजून मागच्याच पानावर आहे.