निकॉन डी५६०० साठी पुढची लेन्स: घरासाठी प्राइम की बाहेरसाठी ७०-३००?

प्रश्न

माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि त्यासोबत आलेली एएफ-पी १८-५५ व्हीआर ही किट लेन्स आहे. आम्ही ठाण्यात राहतो. घरात चार वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे आहेत. पाऊस ओसरला की महिन्यातून एकदा तरी आम्ही एखाद्या गडावर जातो आणि सप्टेंबरात कासच्या पठारावर फेरी ठरलेली असते. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात काढलेली मुलीची बहुतेक छायाचित्रे हललेली येतात, आणि बाहेर गेल्यावर पक्षी ठिपक्याएवढा दिसतो. २५,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. वापरलेली लेन्सही चालेल. आधी ५० मिमी एफ/१.८ ही प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्यावी की ७०-३०० मिमीची झूम? कृपया कारणांसह सांगावे.

प्रतिसाद १

घरातली अडचण आधी सोडवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. किट लेन्समधील व्हीआर आपल्या हाताचा कंप सावरते, पण धावत्या मुलीची हालचाल तिला थांबवता येत नाही. त्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो. ५५ मिमीवर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, आपल्या लेन्सचे अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ ला त्याच्या साडेनऊपटीहून अधिक प्रकाश आत येतो, म्हणजे त्याच आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेवर) जिथे सेकंदाचा १/१५ भाग मिळत होता, तिथे १/१२५ सहज मिळतो.

मात्र ५० ऐवजी ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स (लहान सेन्सरसाठी बनवलेली) घ्यावी. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे दहा फुटांवरून ५० मिमीच्या आडव्या चौकटीत जेमतेम पावणेपाच फूट रुंदी मावते, तर ३५ मध्ये जवळजवळ पावणेसात. शहरातल्या खोलीत मागे सरकायला भिंतीपर्यंतच जागा असते, आणि आजी-आजोबा नातीसह एका चौकटीत यायचे असतील तर हा दोन फुटांचा फरक निर्णायक ठरतो. मुलगी आजीच्या मांडीवर बसली असेल तेव्हा एफ/१.८ चा मोह टाळून एफ/२.८ ठेवावे, नाहीतर एक चेहरा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो.

गडावरच्या विस्तीर्ण दृश्यांसाठी नव्या लेन्सची गरजच नाही. किट लेन्स १८ मिमीवर, एफ/८ ला, उत्तम काम देते.

प्रतिसाद २

३५ मिमीबद्दल सहमत आहे, परंतु ७०-३०० ला मी दुय्यम म्हणणार नाही. मुलगी मैदानावर खेळू लागली की तिच्या नकळत, दुरून छायाचित्र घेण्याचा आनंद हीच लेन्स देते. एएफ-पी डीएक्स ७०-३०० चे दोन प्रकार मिळतात. नावात ‘व्हीआर’ असलेलाच घ्यावा, कारण ३०० मिमीला हाताचा किंचित कंपही चित्रात उतरतो. वजन सुमारे ४१५ ग्रॅम आहे, त्यामुळे चढताना त्रास होत नाही. उजनीच्या पाण्यात भिगवणला होडीतून रोहित पक्षी टिपायला ती पुरते, झाडातल्या चिमुकल्या पक्ष्यांना मात्र ३०० मिमीही अपुरे पडतात.

कासच्या फुलांसाठी ही लेन्स घेऊ नये. ती १.१ मीटरच्या आत फोकस करत नाही, तर आपली किट लेन्स २५ सेंटीमीटरपर्यंत करते आणि फूल चौकटीत अधिक मोठे दिसते. ‘दवबिंदू’ नावाची बारीक कीटकभक्षी वनस्पती टिपायची तर ५५ मिमीवर पायवाटेच्या कडेला बसून जवळून घ्यावी; फुलांत पाय टाकू नये.

प्रतिसाद ३

वापरलेली लेन्स घेणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ५० मिमी एफ/१.८डी सारख्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सेस तिच्यावर बसतात, पण आपोआप फोकस करत नाहीत, आणि धावणाऱ्या मुलामागे हाताने फोकस करणे फार अवघड आहे. नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असल्याची खात्री करावी; या लेन्समध्येच मोटर असते.

दुसरी भीती बुरशीची. मी चिपळूणला राहतो आणि एका पावसाळ्यात कातडी पिशवीत ठेवलेली चांगली लेन्स गमावली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. विकत घेण्याआधी दोन्ही झाकणे काढून एका बाजूने विजेरीचा उजेड टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. घरी हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून कोरडे करावे लागतात. लेन्स वापरात ठेवणे हाही मोठा उपाय आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या वर्षभरातली छायाचित्रे संगणकावर पुन्हा पाहिली. घरातली बहुतेक ३० ते ४० मिमीच्या दरम्यान निघाली आणि हललेली जवळजवळ सगळी सूर्यास्तानंतरची होती. त्यामुळे ३५ मिमी ठरली. उरलेल्या रकमेत वापरलेली ७०-३०० व्हीआर बसते का ते पाहीन. रविवारी विजेरी घेऊनच दुकानात जाणार आहे.