नवे निदान झालेले मधुमेही आणि घरातली माणसे: सोबत हवी की पहारा?

मूळ धागा

तीन महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना टाइप २ मधुमेहाचे निदान झाले. उपाशीपोटी रक्तशर्करा १६८ होती आणि दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीएवनसी ८.१ टक्के. त्या दिवसापासून मी त्यांच्या ताटावर नजर ठेवू लागले, रोज संध्याकाळी नोंदवही तपासू लागले आणि आकडा वाढलेला दिसला की काय खाल्ले होते याची चौकशी करू लागले. गेल्या आठवड्यात ग्लुकोमीटरमध्ये साठलेले आकडे वहीशी ताडून पाहिले, तेव्हा यंत्रातल्या २१० च्या जागी वहीत १४० लिहिलेले आढळले. त्यांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण ती वही ही माझ्यापुढे रोज द्यायची परीक्षा झाली होती आणि तशी ती मीच करून ठेवली होती.

म्हणून माझे मत असे झाले आहे की घरच्यांनी पहारा पूर्णपणे सोडावा. एक तर आकडा केवळ खाण्यामुळे चढत नाही. अपुरी झोप, मानसिक ताण, साधा ताप, स्टेरॉइडसारखी औषधे यांनीही तो वाढतो, आणि यकृत रात्री स्वतःहून साखर रक्तात सोडत असल्यामुळे काहीही न खाता सकाळचा आकडा जास्त येऊ शकतो. अशा वेळी "काय खाल्लेत?" हा प्रश्न अन्यायकारक ठरतो. त्याऐवजी घरात सर्वांसाठी एकच स्वयंपाक असावा, जेवणानंतर कोणीतरी सोबत चालायला जावे आणि कोणती मदत हवी आहे हे त्यांनाच विचारावे.

प्रतिसाद १

असहमत. आपल्या भावना समजतात, परंतु हा आजार सुरुवातीला दुखत नाही हीच त्याची खरी अडचण आहे, आणि ज्याला काही दुखत नाही तो माणूस स्वतःहून मदत मागत नाही. माझ्या मोठ्या भावाला निदान झाले तेव्हा आम्ही सर्वांनी "तो सुजाण आहे, त्याचे तो पाहील" असा विचार केला. सहा वर्षे त्याने डोळ्यांची तपासणी केली नाही आणि आम्ही कोणीही त्याला विचारले नाही. नजर अंधूक झाल्यावर तो तपासणीला गेला, तेव्हा दृष्टिपटलाची बरीच हानी होऊन गेली होती.

ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात नव्याने निदान झालेले रुग्णच घेतले होते. ज्यांची साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवली गेली, त्यांच्यात नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळल्या. पुढे २००८ मध्ये असे दिसले की दोन्ही गटांतील साखरेचा फरक मिटून गेल्यानंतरही हा लाभ टिकून राहिला होता. सुरुवातीची वर्षे एवढी मोलाची असताना घरच्यांनी संकोचापायी गप्प बसावे, हे मला पटत नाही.

प्रतिसाद २

मी स्वतः दोन वर्षांपासून मधुमेही आहे. पहिल्या महिन्यात मला माहितीपेक्षा शांतता हवी होती, आणि मिळाले ते चार पाहुण्यांसमोर "तुम्हाला हे चालते का?" असे विचारणारे नातेवाईक. सर्वाधिक त्रास मात्र "मनावर घेतले तर मधुमेह मुळापासून जातो" या वाक्याचा झाला. ज्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासाचा दाखला यासाठी दिला जातो, त्यात वजन घटवून एका वर्षाने ४६ टक्के आणि दोन वर्षांनी ३६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. निष्कर्ष निश्चितच आशादायक आहे, पण उरलेल्यांमध्ये इच्छाशक्ती नव्हती असा त्याचा अर्थ लावणे निर्दयपणाचे आहे.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

आपण दिलेला दाखला माझ्याच म्हणण्याला बळ देतो. त्या अभ्यासातील लोकांना एकटे सोडलेले नव्हते. प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ ठरावीक काळाने त्यांना भेटत होते. अपमान करू नये, हे मान्य. पाठपुरावा करू नये, हे अमान्य.

धागाकर्तीचे उत्तर

आपल्या भावाविषयी वाचून वाईट वाटले, आणि "पूर्णपणे" हा शब्द मी मागे घेते. टाइप २ मध्ये डोळ्यांची तपासणी निदानाच्या वेळीच करायची असते, कारण आजार कळण्याआधी तो कित्येक वर्षे शरीरात असू शकतो. ती आमच्याकडूनही राहून गेली होती. लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडाची हानी दाखवणारे प्रथिन) आणि पायांची संवेदना यांचीही तपासणी आता ठरवली आहे.

आणखी एका बाबतीत घरच्यांना माहिती असलीच पाहिजे. वडिलांना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या जोडीला सल्फोनिलयुरिया गटातील गोळी आहे आणि तिने साखर एकदम उतरू शकते. थरथर, घाम, गोंधळलेले बोलणे असे काही दिसले आणि आकडा ७० च्या खाली असला, तर शुद्धीवर असताना १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हे आम्ही दोघांनी डॉक्टरांसमोर बसून समजून घेतले. या कामात त्यांना माझा राग आला नाही. वही मात्र मी त्यांच्या स्वाधीन केली आहे आणि त्यांनी दाखवल्याशिवाय मी ती उघडणार नाही.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

तपासण्यांचे ठरवलेत, हे फार चांगले केलेत. वहीबाबत मी अजूनही सहमत नाही. खोटा आकडा पाहून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतील, तर ती चूक वडिलांच्या शरीराला सोसावी लागेल. किमान पुढच्या भेटीत वहीऐवजी ग्लुकोमीटरच सोबत न्यावे, आणि तसे त्यांना आधी सांगून न्यावे.