कुत्र्याच्या ड्राय आयसाठी लाळेच्या नळीचं ऑपरेशन कुणी करून घेतलंय का? ठाणे / नवी मुंबई

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, आमची चिकू, शिह त्झू, सहा वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या दोन्ही डोळ्यांतून चिकट पिवळट घाण यायला लागली, सकाळी तर पापण्या चिकटूनच बसलेल्या असतात, कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडवाव्या लागतात. आधी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक ड्रॉप्स झाले, चार दिवस बरं वाटायचं की परत तेच. आमच्या इथे मेट्रोच्या कामाची धूळ एवढी की सोसायटीत जो तो म्हणायचा धुळीनेच होतंय. शेवटी डोळ्यांचं बघणाऱ्या वेटकडे नेलं, त्यांनी ती कागदाची पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट धरली, उजव्यात २ मिमी आणि डाव्यात ४. १५ च्या वर पाहिजे म्हणाले. म्हणजे अश्रू जवळजवळ नाहीतच, यालाच ड्राय आय म्हणतात.

अश्रू वाढायला सायक्लोस्पोरीनचं मलम सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आर्टिफिशियल टिअर्स दर दोन-तीन तासांनी, आई दिवसभर घरी असते म्हणून जमतं. पण आकडा हलत नाहीये आणि उजव्या बुबुळावर नाकाच्या बाजूने काळपट थर चढत चाललाय. आता डॉक्टर म्हणतायत लाळेची नळी तोंडातून सोडवून डोळ्यात आणून सोडायचं ऑपरेशन असतं, त्याचा विचार करा. घरात ऐकूनच सगळे गार पडलेत. आई म्हणते डोळ्यात लाळ म्हणजे उष्टं पाणीच की, सहन कसं होईल त्या जिवाला. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी प्लीज खरंखरं सांगा, चांगलं-वाईट दोन्ही.

नेरुळ_सेक्टरवाले
आमच्या ब्रूनोचं केलंय. कॉकर स्पॅनियल, दोन्ही डोळ्यांतले अश्रू गेलेले होते म्हणजे पट्टी पूर्ण कोरडी यायची, मलमं सगळी करून झाली होती, एका डोळ्याला अल्सर म्हणजे बुबुळावर जखम होऊन भरली होती आणि दुसऱ्याला होणार हे दिसत होतं, म्हणून करायचं ठरवलं.

ऑपरेशन काय असतं ते आम्हाला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. गालाच्या आत वरच्या मोठ्या दाढेपाशी लाळेच्या नळीचं तोंड असतं, ते आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट सोडवायचं आणि गालाच्या कातडीखालून वर नेऊन खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत शिवायचं. ग्रंथी जिथल्या तिथेच राहते, फक्त तिचं पाणी तोंडाऐवजी डोळ्यात जातं. तोंड कोरडं पडत नाही, बाकीच्या लाळग्रंथी असतात ना.

आमचा अनुभव चांगला आहे, पण नीट ऐका. पहिले काही दिवस गाल चांगलाच सुजला होता, गळ्यात कॉलर, आणि दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं मऊ जेवण द्यायला सांगितलेलं, कारण खाल्लं की लाळ सुटते आणि नवीन जागी नळी वाहती राहते. वाहती राहिली नाही तर ती आखडून बंद पडायची भीती असते. मग एकदा डोळा ओला राहायला लागला आणि ती चिकट घाण जवळपास बंदच झाली, ब्रूनो डोळे पूर्ण उघडून बघायला लागला. इतके महिने तो सारखा पुढच्या पायाने डोळा चोळायचा, सोफ्याच्या कडेला तोंड घासायचा, ते थांबलं. आमच्यासाठी तेच सगळ्यात मोठं होतं.

आता दुसरी बाजू. जेवणाच्या वेळी डोळ्यातून धार लागते. बिस्किटाचा डबा उघडल्याचा आवाज आला की अजून तोंडात काही नाही पण डोळे भरून येतात आणि गालावरून ओघळतं. पाहुण्यांना वाटतं कुत्रा रडतोय. प्रत्येक खाण्यानंतर तोंड पुसून कोरडं करावं लागतं, नाहीतर डोळ्याखालची कातडी लाल होते आणि केसांना वास मारतो. आणि लाळेत कॅल्शियम वगैरे अश्रूंपेक्षा जास्त असतं, त्यामुळे काही महिन्यांनी बुबुळावर पांढरे खरखरीत कण जमायला लागले. त्याला ईडीटीएचे, म्हणजे ते कॅल्शियम विरघळवणारे ड्रॉप्स बनवून दिलेत, ते चालूच आहेत, अधूनमधून दाखवायला जावं लागतं. म्हणजे काम संपत नाही, फक्त दर दोन तासांनी ड्रॉप घालायचं काम जाऊन पुसायचं काम येतं. आम्हाला ते खूप सोपं वाटतं कारण आम्ही दोघंही नोकरीवाले.

पगची_आई_खारघर
मी थोडं वेगळं सांगते, कुणाला घाबरवायचं नाहीये पण माहीत असलेलं बरं. आमच्या पगचं एका डोळ्याचं असंच केलं होतं, ऑपरेशन नीट झालं, नळी छान वाहते, खरं तर जास्तच वाहते. पगच्या नाकावर ती जाड घडी असते ना, त्यात लाळ साठते, पावसाळ्यात तर ती घडी सुकतच नाही, बुरशी आली, पापणीच्या कडा सुजल्या. रोज दोन-तीनदा घडी उघडून आतून कोरडी करून क्रीम लावते. पांढरे कण आमच्याकडे इतके येतात की मधूनच तो डोळा मिचकावत बसतो, म्हणजे टोचत असणार. डोळा वाचला हे खरं आहे, आधी डॉक्टर काढून टाकायची भाषा करत होते. पण दुसऱ्या डोळ्याला थोडेफार अश्रू आहेत तर तिथे आम्ही मलमावरच राहायचं ठरवलंय.

चिकूताईंना एक विचारायचं होतं, झोपेत तिचे डोळे पूर्ण मिटतात का? चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे बरेचदा अर्धवट उघडे राहतात, मग आहे ते पाणीपण सुकतं. आमच्याकडे नाकाकडचा कोपरा शिवून डोळ्याची फट लहान करायचं ऑपरेशन सुचवलेलं आहे, ते लाळेच्या ऑपरेशनपेक्षा खूपच सोपं असतं. त्याने अश्रू वाढत नाहीत पण डोळा झाकला जातो.

ऐरोली_ते_मुलुंड
मलम किती दिवस झालं चालू करून? आणि किती टक्क्यांचं? विचारतोय कारण आमच्या ल्हासाला आधी माणसांचे सायक्लोस्पोरीन ड्रॉप्स दिले होते ०.०५ टक्केवाले, काही फरक नाही. कुत्र्यांना निदान ०.२ टक्के लागतं. नंतर डॉक्टरांनी बदलून टॅक्रोलिमस ०.०३ टक्के दिलं आणि पट्टी ३ वरून ११ वर गेली. काहींना एक लागू पडत नाही पण दुसरं पडतं. पण वेळ लागतो, सहा-आठ आठवडे तरी, कधी तीन महिने. मध्येच सोडून हे काम करत नाही म्हणणारे खूप बघितलेत.

आणि हे सगळ्यांसाठी लिहितो, टॅक्रोलिमसचं डोळ्याचं मलम वेगळं आणि कातडीला लावायचं वेगळं, नाव तेच, टक्केही कधी तेच, मेडिकलवाला घाईत कुठलंही काढून देतो. ट्यूबवर डोळ्यांसाठी लिहिलंय हे वाचूनच घ्या. मलम लावायच्या आधी ती घाण सलाईनने धुवून काढा, घाणीवर लावलं तर आत पोचतच नाही.

परळला_शिकतेय
मी वेटरनरीची स्टुडंट आहे, राहते ठाण्याला. चिकूची तपासणी इथून होणार नाही, पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगू शकते.

पहिलं म्हणजे लाळ पुरेशी आहे का ते बघतात. जिभेवर कडू थेंब टाकतात आणि दाढेजवळच्या त्या छिद्रातून लाळ उडते का बघतात. काही कुत्र्यांना डोळ्याबरोबर तोंडही कोरडं असतं, त्यांना हे ऑपरेशन करून उपयोग नाही. दुसरं, दात. शिह त्झूला दातांवर दगड, हिरड्या सुजणं खूप कॉमन, आणि तिथूनच नळी सोडवायची असते, म्हणून तोंड आधी साफ पाहिजे. तिसरं, कारण काय आहे. बहुतेक केसेसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अश्रूग्रंथीवर हल्ला करते आणि तिथे मलमाचा उपयोग होतो. पण सल्फाची औषधं, थायरॉइड, डायबेटिस, डिस्टेंपर (कुत्र्यांचा व्हायरसचा आजार) यानेही होतं. एकाच बाजूचा डोळा कोरडा आणि त्याच बाजूची नाकपुडीपण सुकून खपली धरलेली असेल तर नसेचा प्रॉब्लेम असू शकतो, त्याला पिलोकार्पिन देतात, ती पूर्ण वेगळी ट्रीटमेंट आहे. चिकूला कधी ॲट्रोपिन (डोळ्याची बाहुली मोठी करणारे) ड्रॉप्स चालू असताना टेस्ट केली होती का हेही विचारा, त्याने अश्रू कमी होतात आणि आकडा खोटा येतो.

अजून एक, चेरी आय झालेल्या कुत्र्यांची ती लाल गाठ कापून टाकू देऊ नका. ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी असते आणि अश्रूंचा मोठा वाटा तीच बनवते. आत खिसा करून परत बसवता येते. कापलेल्यांपैकी बरेच काही वर्षांनी ड्राय आय घेऊन येतात.

कळव्याची_ताई
हे शेवटचं अगदी खरं. आमच्या गल्लीतल्या मोतीची ती गाठ कुणीतरी कापून आणलेली, आता त्याचा तो डोळा पूर्ण काळा पडलाय. रस्त्यावरच्या कुत्र्याला दिवसातून चार वेळा ड्रॉप कोण घालणार? मी सकाळी आणि रात्री घालते, मधे तो कुठे असतो माहीत नसतं. त्याच्यासाठी ऑपरेशनबद्दल परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात विचारून आले, पण नंतरचं पुसणं, कॉलर, थोडं थोडं खायला देणं हे त्याला सांभाळणारं घर असल्याशिवाय होणार नाही. घर शोधतेय त्याला, कुणाला जमणार असेल तर सांगा, खूप गुणी आहे.

घोडबंदरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, आईला वाचून दाखवलं. मलम ०.२ टक्केवालं आहे, तीन महिने होत आलेत. झोपेत डोळे थोडे उघडे राहतात, आज मुद्दाम टॉर्च न मारता बघितलं, खालून पांढरी फट दिसते. दातांचं म्हणाल तर वास येतो तोंडाला. टॅक्रोलिमसचं डॉक्टरांना या शनिवारी विचारते. भुलीची भीती खूप वाटते, चपटं नाक म्हणून. आणि ऑपरेशन केलंच तर मलम सुटतं का?

नेरुळ_सेक्टरवाले
आमचं नाही सुटलं. सूज आणि तो काळा थर वाढू नये म्हणून दिवसातून एकदा चालूच ठेवलंय. काही जणांचं सुटतं असं ऐकलं, पण तसं धरून ऑपरेशन करू नका.

परळला_शिकतेय
भुलीआधी रक्त, छातीचा एक्सरे आणि गरज वाटली तर हृदयाची तपासणी करून घ्या. चपट्या नाकाच्यांना खरा धोका भूल उतरताना असतो, श्वासनळीतली ट्यूब काढल्यावर. तेव्हा कोण जवळ असणार आणि किती वेळ लक्ष ठेवणार हे स्पष्ट विचारा, चांगले डॉक्टर विचारल्याचं वाईट वाटून घेत नाहीत. टॅक्रोलिमस बदलून बघणार असाल तर मधल्या काळात टिअर्स कमी करू नका, जेलवाले असतील तर रात्री झोपताना तेच घाला. आणि चिकूने अचानक डोळा घट्ट मिटून घेतला किंवा बुबुळ निळसर पांढरं दिसलं तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी न्या, तो अल्सर असू शकतो. घरात कुठलाही स्टिरॉइडवाला ड्रॉप पडलेला असेल तर तो घालू नका.

पगची_आई_खारघर
आणि तोंडाभोवतीचे केस आत्तापासूनच बारीक ठेवा, ऑपरेशन होवो न होवो. ग्रूमरला सांगताना डोळ्याजवळ कात्री नको, मशीनच वापरा म्हणा. शनिवारी काय म्हणाले ते लिहा इथे.