मदत हवी आहे : मे महिन्यात मुलांना घेऊन आळंदी–नेवासे–पैठण–वेरूळ

मे महिन्यात चार दिवस मुंबईहून स्वतःच्या गाडीने निघतोय. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४, सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, थोडं चालू शकतात, पण जिने नकोत. मुलाला गाडी लागते, त्यामुळे एका दमात दोन-अडीच तासांपेक्षा जास्त प्रवास जमत नाही.

लेकीला रेड्यामुखी वेद वदवल्याची गोष्ट पाठ आहे, म्हणून पैठणचा नागघाट आणि नाथांचा वाडा नक्की. नेवाशाचा पैस खांबही पाहायचाच. शके १२१२ मध्ये माउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तो खांब तिला हात जोडून जवळून बघायचाय. जाताना पहिला मुक्काम आळंदीला, परत येताना समृद्धीने. वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणून ते गुरुवारी ठेवलंय.

गेल्या वर्षी एका देवळात भर दुपारी पोचलो. फरशी इतकी तापलेली की धाकटा पायऱ्यांवरच रडायला लागला. पायमोजे घालूनही चटके बसत होते. म्हणून यंदा ११ ते ४ बाहेर काहीच नको.

हॉटेलांना फोन केले, पण एकाच खोलीत पाच जण घ्यायला कुणी तयार नाही. भक्तनिवास चालेल, कूलर मात्र हवाच.

दुसरा मुक्काम पैठणला करावा की थेट संभाजीनगरला? तिथून वेरूळ ३० किलोमीटरच आहे. आणि सासूबाईंना १६ नंबरच्या कैलास लेण्याचं प्रांगण तरी जिने न चढता बघता येईल का?